पहिला डिजिटल कॅमेरा, नाइलाजाने घेणाऱ्यांसाठी

‘आम्हाला ते डिजिटल काय जमायचं नाही बघा’ असं म्हणणाऱ्या माणसाला बटणांची भीती नसते. बटणं, चक्रं, एफच्या आकड्यांची (लेन्सचं तोंड किती उघडायचं त्याची) कडी हे सगळं रोलच्या कॅमेऱ्यालाही होतं, आणि ज्यांनी जुना एसएलआर, म्हणजे आरशातून बघायचा रोलचा कॅमेरा, वापरला आहे त्यांना तर आजच्या ऑटोवाल्यांपेक्षा जास्त कळतं. अडचण पुढची असते. ३६ फोटो संपले की रोल स्टुडिओत टाकायचा, चार-आठ दिवसांनी प्रिंट आणि निगेटिव्हच्या पट्ट्या घेऊन यायच्या, काम संपलं. आता रोल धुणारा, प्रिंट काढणारा, निगेटिव्ह जपणारा असा अख्खा स्टुडिओच घरी आला आहे आणि त्याचे मालक तुम्ही. म्हणून पहिला कॅमेरा निवडताना ‘फोटो कसा येतो’ याच्या आधी ‘फोटो कॅमेऱ्यातून बाहेर कसा येतो’ हे बघावं, असं माझं मत. आजचा कुठलाही नवा कॅमेरा फोटो बरा काढतो. लोकांचे फोटो बिघडत नाहीत, कार्डातच राहून जातात.

कॅमेरा हवाच का, हेही एकदा स्वतःला विचारून घ्या. घरातले, शेतातले, पंगतीतले फोटो दिवसाउजेडी मोबाईल उत्तम काढतो. लांबचं काही हवं असेल, म्हणजे खानापूरच्या रानातला पक्षी किंवा व्यासपीठावरचा वक्ता, तर तो उणा पडतो. शिवजयंतीच्या चित्ररथांसारखं कमी उजेडात हलणारं काही असेल तरी तेच. आणि मे महिन्याच्या उन्हात बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या तटावर उभं राहिलं की मोबाईलच्या पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसतं. तिथे डोळ्याला लावायचा कॅमेरा लागतो. यातलं काहीच तुमच्या कामाचं नसेल तर पैसे खिशात ठेवा की.

दुकानात पहिला आकडा ऐकू येतो तो मेगापिक्सेलचा. त्याला फार मान देऊ नका. प्रिंटसाठी इंचाला ३०० ठिपके धरले तर ४ बाय ६ इंची फोटोला १८०० गुणिले १२०० ठिपके पुरतात, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. ए-४ आकाराला ९ सुद्धा लागत नाहीत. १२ बाय १८ इंचाची भिंतीवरची फ्रेम करायची तर साडेएकोणीस. साध्यातला साधा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० गुणिले ४००० ठिपके देतो, म्हणजे फ्रेम करूनही वर उरतात. त्यापुढचे मेगापिक्सेल हार्ड डिस्क भरायच्या कामाला येतात.

विचारायचा आकडा वेगळा आहे: सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी आलेली चिप, केवढा? रोल वापरलेल्यांना हे लगेच कळेल. ३५ मिलिमीटर फिल्मवरची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असायची. तेवढ्याच सेन्सरला फुल फ्रेम म्हणतात, आणि तो महाग असतो. पहिल्या कॅमेऱ्यात बहुधा मिळतो तो एपीएस-सी, साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटर. छोट्या खिशातल्या कॅमेऱ्यात आणि मोठ्या झूमच्या ब्रिज कॅमेऱ्यात सहा बाय साडेचार मिलिमीटरच्या आसपासचा सेन्सर असतो. क्षेत्रफळ काढलं तर एपीएस-सी त्याच्या तेरापट भरतो. संध्याकाळी सातच्या आरतीला जो फरक दिसतो तो या तेरापटीचा.

त्या ब्रिज कॅमेऱ्यांना मात्र नावं ठेवू नयेत. निकॉनचा पी-९५० हा २४ ते २००० मिलिमीटर म्हणजे ८३ पट झूम देतो, लेन्स बदलायची भानगड नाही, सेन्सरवर धूळ बसायची भीती नाही. ज्याला फक्त पक्षी बघायचे आहेत आणि लेन्सच्या हिशेबात पडायचं नाही त्याने तो घ्यावा. वजन किलोभर, आणि अंधार पडला की झाकून ठेवायचा, एवढं मान्य असेल तर झालं.

लेन्स बदलायच्या कॅमेऱ्यांत डीएसएलआर आणि मिररलेस अशी दोन घराणी आहेत. डीएसएलआरमध्ये आरशातून खरंखुरं दृश्य दिसतं, जुन्या एसएलआरसारखंच, आणि बॅटरी खूप चालते. निकॉनच्या डी-३५०० चा कंपनीचा आकडा एका चार्जला १५५० फोटोंचा होता, कॅननच्या १५०० डीचा ५०० चा. मिररलेसमध्ये आरसा नसतो, आत छोटा पडदा सतत चालवावा लागतो, म्हणून साध्या मॉडेलमध्ये तीन-चारशेवर बॅटरी बसते. पण शिकणाऱ्याला मिररलेसचा एक मोठा फायदा आहे: फोटो काळा येणार की पांढरा फटक होणार हे बटण दाबायच्या आधीच दिसतं. शिवाय २०२० नंतर कॅनन आणि निकॉन या दोघांनीही नवा डीएसएलआर काढलेला नाही. नवाकोरा घ्यायचा तर मिररलेस, सेकंडहँड घ्यायचा तर डीएसएलआर, असा सोपा हिशेब धरा.

मिररलेस घेताना एक फसगत होते. सोनीचा झेडव्ही-ई१० आणि निकॉनचा झेड-३० हे दोन्ही नामांकित कॅमेरे आहेत, पण त्यांना डोळा लावायची खिडकीच नाही. ते व्हिडिओवाल्या पोरांसाठी बनवलेले. जवळचं वाचायला चष्मा लागणाऱ्या माणसाने तो हात लांब करून धरायचा, उन्हात पडदा दिसत नाही, चष्मा घरी राहिला तर विचारूच नका. कॅननच्या आर-५० आणि आर-१०० ला खिडकी आहे, पण आर-१०० चा पडदा पक्का बसवलेला, वळत नाही आणि त्यावर बोट लावून काही होत नाही. आर-५० चा पडदा वळतो आणि बोटाने चालतो. मोबाईलची सवय झालेल्याला हा फरक पैशापेक्षा मोठा वाटतो.

चष्म्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो: खिडकीच्या शेजारी एक बारीक चाक असतं, त्याला डायऑप्टर म्हणतात. कॅमेरा सुरू करायचा, शटर अर्धं दाबायचं, आत दिसणारे आकडे ठळक होईपर्यंत ते चाक फिरवायचं. समोरच्या दृश्याकडे बघून फिरवू नका, आकड्यांकडे बघून फिरवा. किती नवे कॅमेरे ‘फोकस धुरकट दिसतो’ म्हणून दुकानात परत येतात, आणि दोष त्या चाकाचा असतो. पिशवीत घासून ते सरकलेलं असतं. चाकाची मर्यादा साधारण उणे ३ ते अधिक १ एवढीच, म्हणून मोठा नंबर असेल तर चष्मा घालूनच बघावं लागेल. काही अगदी स्वस्त मॉडेलना हे चाकच नसतं. दुकानात हात लावून बघा.

घरात कपाटात जुनी लेन्स असेल तर ती घेऊनच दुकानात जा. निकॉनच्या एसएलआर-डीएसएलआरची लेन्स बसवायची पकड १९५९ पासून तीच आहे, त्यामुळे रोलच्या काळातल्या बऱ्याचशा लेन्स डीएसएलआरवर बसतात. पण डी-३००० आणि डी-५००० मालिकेच्या बॉडीत (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) फोकसची मोटर नाही. जुनी ऑटोफोकस लेन्स बसेल, फोकस मात्र हाताने करावा लागेल. कॅननने १९८७ मध्ये पकडच बदलली, म्हणून त्याआधीच्या एफडी लेन्स नव्या ईएफ बॉडीवर बसत नाहीत. मिररलेसवर जुनं काहीही लावायचं तर मध्ये अडॅप्टर लागतो.

आता खरेदी. आपल्या बेळगाव भागात कर्नाटक-महाराष्ट्राची हद्द नकाशावर असते, बाजारहाटात नसते. चंदगडचा माणूस बेळगावात येतो, निपाणीचा कोल्हापूर गाठतो, आणि खानापूरवाल्याचा कोणीतरी गोव्यात असतोच. करापायी मात्र हद्द ओलांडू नका. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २०१९ च्या सुरुवातीपासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि तो कर्नाटकात, महाराष्ट्रात, गोव्यात एकच आहे. भाव पडतो तो दुकानदाराच्या मार्जिनमध्ये आणि दिवाळीच्या योजनांमध्ये. ‘बिल नको असेल तर कमी करून देतो’ असं कुणी म्हणालं की तिथून उठावं. बिलाशिवाय वॉरंटी नाही, आणि कॅमेऱ्यावर दुरुस्तीची वेळ येते ती कधी कधी पहिल्या वर्षातच. बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा सीरियल नंबर लिहून घ्या, खोक्यावरचा आणि कॅमेऱ्याच्या बुडाखालचा तोच आहे ना हे बघा, खोक्यावर भारतातल्या आयातदाराचा पत्ता आणि छापील किंमत असलेलं लेबल बघा. ते लेबल नसेल तर माल बाहेरून आलेला, आणि इथल्या सर्व्हिस सेंटरला तो नाकारता येतो. ते सेंटर कुठे आहे, हुबळीला की पुण्याला की बेंगळुरूला, आणि पार्सल दुकानदार पाठवणार की तुम्ही, हेही पैसे मोजायच्या आधी विचारा.

जाताना स्वतःचं एक एसडी कार्ड न्या. दाखवलेल्या कॅमेऱ्यात घाला, दोन फोटो काढा. नव्या कॅमेऱ्याच्या फाइलचा क्रमांक ०००१ च्या आसपास असायला हवा. १४०० वगैरे निघाला तर तो शोकेसमधला नमुना. घ्यायचा तर नमुन्याच्या भावात घ्या.

‘फ्री’ मिळणाऱ्या सामानाचं काय? पिशवी घ्या. फुकटचा ट्रायपॉड बहुधा एवढा हलका असतो की कॅमेरा बसवला की मान टाकतो. आणि लेन्सवर ‘संरक्षणासाठी’ बसवून देतात ती स्वस्त यूव्ही काच रात्री दिव्यांच्या हिरवट सावल्या फोटोत आणते. ती काढून ठेवा, त्याऐवजी लेन्सचं हुड लावा. आपटण्यापासून तेच जास्त वाचवतं.

१०० रुपयांचं बजेट असेल तर ८० कॅमेऱ्याला द्या. उरलेल्या २० मध्ये दुसरी बॅटरी, दोन कार्डं, कार्ड रीडर आणि हवाबंद डबा बसला पाहिजे. हे २० वाचवून वरचं मॉडेल घेणारे वर्षभरात पस्तावतात.

सेकंडहँडबद्दल थोडक्यात. लग्नसराई संपली की काही फोटोग्राफर जुनी बॉडी विकायला काढतात. साध्या डीएसएलआरचं शटर लाखभर क्लिकांच्या अंदाजाने बनवलेलं असतं, आणि लग्नाच्या एका सीझनमध्येच त्यातले कितीतरी हजार संपतात. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये एकूण क्लिकांचा आकडा असतो, तो सांगणाऱ्या वेबसाइटवर एक फोटो चढवला की दिसतो. कॅननच्या जेपेगमध्ये तो नसतो. लेन्स काढा, मागून मोबाईलची टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, सौदा तिथेच संपला. धुळीचे दोन-चार कण असले तर चालतं. मग एफ/१६ वर (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं तोंड लहान) निरभ्र आकाशाचा फोटो काढा. राखाडी डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, साफ होते, त्याचे पैसे भावातून वजा करा. बॅटरी फुगलेली असेल तर ती कप्प्यातून सहज निघत नाही, तीही तपासा.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी फोटो काढायची घाई नको. बॅटरी पूर्ण भरा. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, म्हणून गावाकडे व्होल्टेज खाली-वर झालं तरी स्टॅबिलायझर लागत नाही. मग भाषा. निकॉनच्या बऱ्याच कूलपिक्स मॉडेलांच्या भाषांच्या यादीत चक्क मराठी होती. असली तर लावून बघा, मजा येते. पण शेवटी इंग्रजीवरच ठेवा, कारण पुतण्याने फोनवर ‘काका, फॉरमॅट कार्डवर जा’ म्हटलं की तुमच्या पडद्यावर तेच शब्द पाहिजेत.

तारीख आणि वेळ बिनचूक घाला. हे किरकोळ वाटतं, पण पुढे सगळे फोटो शोधायचे ते तारखेवर. बॅटरी काढून कॅमेरा महिनोन्महिने ठेवला की घड्याळ विसरतं आणि फोटोंवर भलतंच वर्ष पडायला लागतं. नंतर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कार्डाच्या डाव्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते, ती खाली सरकली की कार्ड ‘लॉक्ड’ म्हणतं आणि माणूस कॅमेरा बिघडला समजून दुकानाकडे धावतो. पट्टी वर करा, एवढंच.

मेनूत फिरून फक्त एवढं ठरवा: फाइलचा प्रकार जेपेग, आकार लार्ज, दर्जा फाइन. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, सध्या नको. २४ मेगापिक्सेलची जेपेग साधारण १० एमबीची, रॉ तिच्या अडीच-तीन पट, आणि ती उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. कलर स्पेस एसआरजीबी. चुकून अ‍ॅडोबी आरजीबी लागलं तर घरच्या स्क्रीनवर आणि लॅबच्या प्रिंटवर गुलालसुद्धा मेलेला दिसतो. क्रमांक ‘कंटिन्युअस’ ठेवा. नाहीतर दर वेळी कार्ड रिकामं केलं की ०००१ पासून सुरुवात, आणि एकाच नावाच्या दहा फाइली एकमेकींवर बसतात. टकटक आवाज बंद करा, कीर्तनाला बसलेले दुवा देतील.

वरच्या चाकावर हिरवा ऑटो सोडून पी लावा. तिथे सगळं आपोआपच होतं, पण फ्लॅश तुम्ही सांगितल्याशिवाय उडत नाही आणि उजेड कमी-जास्त करायचं अधिक-उणेचं बटण चालतं. ते एक बटण शिकलात तरी पुष्कळ. पांढरं धोतर, पांढरी टोपी, पांढऱ्या गाई असल्या की कॅमेरा फोटो काळपट काढतो, तिथे अधिक १ करायचं. काळ्या पाषाणाची मूर्ती चौकटभर आली की तो तिला राखाडी करतो, तिथे उणे १. कॅमेऱ्याला सगळं जग मधल्या राखाडी रंगाचं वाटतं, बाकी त्याचा दोष नाही. आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील तो आकडा, ऑटोवर ठेवा, कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४००.

आता ज्यासाठी आपल्याकडचे निम्मे लोक कॅमेरा घेतात ते: रात्रीची मिरवणूक. बेळगावात शिवजयंती परंपरेने वैशाखात होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्र जागवते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावा, भोवती एलईडीचा लखलखाट, मध्ये काळोख. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स १८ वर असताना एफ/३.५ उघडते, ५५ पर्यंत झूम केलं की एफ/५.६. म्हणजे झूम करता करता उजेड अडीचपटीने घटतो, आयएसओ वर चढतं आणि फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. त्यामुळे रात्री झूम करू नका, चार पावलं पुढे जा. एवढ्याने भागत नसेल तर ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स घ्या. बऱ्याच कंपन्यांच्या यादीत ती स्वस्तातल्या लेन्सपैकी असते आणि एफ/५.६ च्या तुलनेत साडेनऊपट उजेड आत घेते. तिला झूम नाही, पाय हेच झूम.

एलईडीचं दुसरं दुखणं म्हणजे फोटोत आडवे काळे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५०० वर असेल तर अर्धा फोटो तेजात, अर्धा मंदात. वरचं चाक ‘एस’ अक्षरावर (कॅननवर तिथे ‘टीव्ही’ लिहिलेलं असतं) लावा, म्हणजे शटरचा वेग तुम्ही ठरवता, आणि १/१०० ठेवा. पट्टे बहुतेक जातात. स्वस्त एलईडी पडदे आपल्याच तालात लुकलुकतात, त्यांच्यापुढे हे चालतंच असं नाही. मिररलेसमध्ये ‘सायलेंट’ किंवा इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर आधी ते बंद करा, पट्ट्यांचं मूळ बहुधा तेच असतं. १/१०० वर लेझीमवाल्यांचे हात थोडे हलतात. हलू देत. लेझीम आहे ते.

बॉडीवरचा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे पोचत नाही. पन्नास फुटांवरच्या रथावर तो मारला की पुढच्या माणसाची टोपी तेवढी चमकते. आणि गुलाल उधळत असताना लेन्स बदलायची नाही, काहीही झालं तरी. तो सेन्सरवर बसला की फुंकून जात नाही, तोंडाने फुंकलं तर थुंकी वेगळी.

मिरवणूक संपली, कार्ड भरलं. इथून पुढे कॅमेरा घ्यायचं सार्थक होतं किंवा होत नाही.

कार्डाचं थोडं आधी सांगून टाकतो. ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी, त्यावरचं एसडीएक्ससी. जुना सेकंडहँड कॅमेरा असेल तर त्याला एसडीएक्ससी चालतं का ते बघून घ्या. कार्डावर इंग्रजी यूच्या पेल्यात ३ किंवा व्ही-३० असेल तर ते सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं, तेवढं पहिल्या कॅमेऱ्याला पुरतं. ६४ जीबीच्या कार्डात जेपेगचे सहा हजारांच्या आसपास फोटो बसतात. १२८ चं एक घेण्यापेक्षा ६४ ची दोन घ्यावीत; एक हरवलं तरी अर्धी वरात शिल्लक राहते. फूटपाथवर निम्म्या भावात मिळणारं कार्ड बनावट निघालं तर ते आत ८ जीबीचं असतं आणि बाहेर ६४ लिहिलेलं. ८ जीबीपर्यंत सगळं ठीक, पुढचे फोटो नुसतेच गायब किंवा अर्धे राखाडी. हे दुकानात कळत नाही, घरी लग्नाचे फोटो उघडल्यावर कळतं. नवं कार्ड आणलं की एकदा काठोकाठ भरा, शेवटचे फोटो उघडून बघा, मगच कामाला न्या.

कॉपी करायला कॅमेऱ्याची केबल किंवा वायफायचं अ‍ॅप वापरण्यापेक्षा कार्ड रीडर बरा. वायफाय दहा-वीस फोटो मोबाईलवर घेऊन लगेच पाठवायला ठीक. हजार फोटोंना धीर आणि बॅटरी दोन्ही संपतात. टाइप-सी असलेला रीडर मोबाईललाही लागतो आणि लॅपटॉपलाही. कार्डात डीसीआयएम नावाचं फोल्डर दिसेल, त्यात १००कॅनन वगैरे, त्यात फोटो. ते ‘कट’ करू नका, ‘कॉपी’ करा. कट करताना मध्येच वीज गेली तर काही इकडे, काही तिकडे, काही कुठेच नाहीत. कॉपीच्या ठिकाणी फोल्डरला तारखेने नाव द्या, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे प्रसंग: ‘२०२५-०९-०६ विसर्जन कपिलेश्वर’. वर्ष आधी असलं की संगणक आपोआप क्रमाने लावतो. पहिला, मधला आणि शेवटचा फोटो उघडून बघा. मग तेच फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर. दोन ठिकाणी झालं की कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट. हाच क्रम रोज, कितीही झोप आली तरी. १ टीबीच्या डिस्कवर अशा जेपेग नव्वद हजारांच्या वर बसतात, म्हणजे घरगुती माणसाला कैक वर्षं. ती डिस्क लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवू नका. पिशवी गेली की दोन्ही गेलं.

चुकून पुसलंच, तर त्या कार्डावर त्यापुढे एकही फोटो काढू नका. पुसलेला फोटो जागेवरच असतो, फक्त यादीतून नाव गेलेलं असतं. नवा फोटो त्याच्या जागेवर बसला की मग मात्र तो गेलाच. कार्ड बाहेर काढून ठेवा आणि जाणत्याकडून फोटोरेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरने परत काढून घ्या.

नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवला की १० एमबीची फाइल चिंधी होऊन पोचते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. लॅबला तर व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो कधीच देऊ नका, पेन ड्राइव्ह न्या. या कॅमेऱ्यांची चौकट ३ : २ असते, ४ बाय ६ च्या कागदावर ती तंतोतंत बसते. मोबाईलची बहुधा ४ : ३, तिथे डोक्यावरचा फेटा कापला जातो. ५ बाय ७ मागवलं तर आपल्या चौकटीचीही बाजू जाते, म्हणून कडेला उभ्या आत्याबाईंना काढतानाच थोडं आत घ्या. करिझ्मा अल्बमचं पान १२ बाय ३६ इंचाचं असतं. ते करणाऱ्याला मूळ फाइली द्या, त्यावर काही ‘सुधारणा’ न करता.

राहिला पावसाळा, आणि आपल्या भागात तो शेवटी सांगायचा विषय नव्हे. जांबोटी-कणकुंबीकडे जे धो धो पडतं ते सोडा, शहरातसुद्धा जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओलावतात. हवेतला ओलावा ६०-६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते, आणि तिच्यातल्या आम्लाने काचेवरचा लेप खरवडला जातो. तो नंतर साफ होत नाही. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून लोखंडी ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी जपून ठेवणं हा बुरशीला पाळणा आहे. चामडं ओल धरून ठेवतं, ट्रंकेत वारा नाही, उजेड नाही. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ रबरावर आणि काचेवर बसते. तांदळात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर तांदूळ शिजवून खा. त्याचं पीठ बटणांत जातं.

घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा प्लास्टिकचा डबा घ्या, दहा-बारा लिटरचा. त्यात कापडी पुरचुंडीत पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटं ओलावा दाखवणारं घड्याळ. काटा ४० ते ५० वर राहिला पाहिजे. ३० च्या खाली फार दिवस नको, रबर आणि वंगण सुकतं. दाण्यांचा रंग उडाला की ते ओले झाले. निळे दाणे कोबाल्टच्या रंगाचे असतात, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. केशरी मिळाले तर ते घ्या. जुना तवा वेगळा काढून मंद आचेवर हलवत राहा, रंग परत आला की गार करून डब्यात. केशरी दाणे १२० अंशांपुढे तापले तर रंगच जळतो. गोकाकच्या धबधब्याला किंवा चोर्ल्याच्या धुक्यात एसीच्या गाडीतून गेलात तर उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका. पिशवी बंदच ठेवून अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर काचेवर आतून-बाहेरून दव धरतं. भिजून आलेला कॅमेरा लगेच डब्यात कोंडू नका. पुसून, बॅटरी-कार्ड काढून, कप्प्याची झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली एक रात्र.

आठवड्यातून एकदा बाहेर काढून दहा-वीस फोटो काढले, झूम मागे-पुढे फिरवला, की बुरशीला बसायला वेळ मिळत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा डब्याचं झाकण सैल असलं तरी चालतं. मृग लागायच्या आठवडाभर आधी सिलिका पुन्हा तव्यावर.